कोजागिरीचा सेट: प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

काम ठरलं. कोजागिरीला, म्हणजे ६ ऑक्टोबरला, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या गच्चीवर एका तासाचा ड्रम अँड बेसचा (जलद ड्रम आणि जड बेसचं इलेक्ट्रॉनिक संगीत) सेट, म्हणजे ट्रॅक एकमेकांत मिसळत सलग वाजवायचे. आधी समोरच्या गुजराती मंडळींचा गरबा, तोही गाऊन, मग मी, मग दूध. आमचं मसाला दूध आणि त्यांचे दूध-पौंवे. अट एकच घातली आहे आणि ती मीच घातली आहे: गरबा थांबला, शांतता झाली आणि मग कुणीतरी बटण दाबलं, असं होता कामा नये.

सामान: दोन चॅनेलचा कंट्रोलर, जुना लॅपटॉप, त्यावर मिक्स्स (ट्रॅक मिसळायचं सॉफ्टवेअर, शेवटी तीन एक्सवालं, फुकटचं), भाड्याचे दोन टॉप (वरच्या आवाजाचे स्पीकर) आणि एक सब (नुसत्या खालच्या आवाजाचा). ट्रॅक बहुतेक लिक्विड (यातला सुरेल प्रकार), थोडे न्यूरोफंक (कडक, गडद प्रकार), आणि तीन-चार जुने जंगल (ज्यातून हे संगीत निघालं), कारण त्यांच्याशिवाय मला करमत नाही.

ड्रम अँड बेसची लय साधारण १६० ते १८० बीपीएममध्ये (मिनिटाला तेवढे ठोके) असते, आणि आजकालचं बरंच १७२ ते १७६ च्या आत बसतं. मधलं १७४ धरलं. एवढ्या अरुंद पट्ट्यात सगळं असल्यामुळे लय जुळवणं इथे तुलनेने सोपं जातं. अवघड आहे ते सुरांचं, आणि त्याबद्दल जो तो चक्राचे आकडे (कॅमलॉट चक्र, म्हणजे कुठल्या पट्टीला कुठली जुळते त्याचा तक्ता) म्हणून मोकळा होतो.

१० सप्टेंबर

सगळे ट्रॅक सॉफ्टवेअरला तपासायला दिले. बऱ्याच ट्रॅकची लय ८७ आली. ते चूक नाही, अर्धी आहे, दुप्पट केलं की झालं. खरी कटकट ग्रिडची, म्हणजे मात्रा कुठे पडते ते दाखवणाऱ्या रेषांची. काही ट्रॅकमध्ये समेच्या आधी एखादा झांजेचा किंवा स्नेअरचा (खणखणीत वाजणारा ड्रम) उठाव असतो, सॉफ्टवेअर तिथेच एक धरतं. मग लय अगदी बरोबर दिसते, रेषा एकमेकींवर बसतात, आणि ऐकायला मात्र एका मात्रेने घसरलेलं. असे ट्रॅक हाताने सरळ केले.

पट्टीसाठी आजीची पेटी काढली. आधी ट्यूनरवर ती नेहमीच्या ४४० हर्ट्झला आहे ना ते पाहिलं. वरच्या सप्तकातला एक सूर उतरलाय, तो सोडून दिला. पद्धत अशी: ड्रॉपमध्ये (ड्रम आणि बेस पूर्ण जोरात येतात तो भाग) बेस जिथे जास्तीत जास्त वेळ बसतो तो सूर पेटीवर शोधायचा आणि सॉफ्टवेअरच्या उत्तराशी ताडून पाहायचा. जिथे जुळलं नाही, तिथे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा पंचमावर जाऊन बसलेलं निघालं. मला यात नवल वाटलं नाही. बेसच्या मूळ सुराचा तिसरा स्वयंभू स्वर म्हणजे वरच्या सप्तकातला पंचमच, आणि रीस बेससारखा खरखरीत आवाज स्वयंभू स्वरांनी नुसता खच्चून भरलेला असतो. यंत्राने पंचमालाच सा म्हटलं तर त्याला काय दोष द्यायचा. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे मायनरला त्याच्याच जोडीचा मेजर म्हणणं.

फाइलींच्या नावापुढे आता पांढरी चार, काळी तीन (पेटीवर सा कुठे ते, म्हणजे एफ, एफ-शार्प) असं लिहिलंय. चक्राचे आकडे दुसऱ्या रकान्यात.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज दिवसभर चक्र. हीच नोंद लांबणार.

कॅमलॉट चक्रावर बारा घरं, प्रत्येक घराला दोन खण: ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर. नियम सगळ्यांना पाठ असतो. त्याच आकड्यावर राहा, एक घर पुढे किंवा मागे जा, नाहीतर त्याच आकड्यात ए-बी बदला. पण का, हे कुणी सांगत नाही, आणि पेटीवर बसलेल्या माणसाला ते लगेच दिसतं. ४-ए म्हणजे पांढरी चार. ५-ए पांढरी एक, ६-ए पांढरी पाच, ७-ए पांढरी दोन. प्रत्येक पुढचं घर मागच्याचा पंचम आहे. षड्ज-पंचम भाव बारा वेळा फिरवून गोल केलाय, बाकी काही नाही.

आता मायनर म्हणजे आपल्या हिशेबाने आसावरी थाट: गंधार, धैवत, निषाद कोमल. पांढरी चारचा तानपुरा लावला (फोनवरचा), आणि ४-ए चे सूर वाजवले. मग सा तोच ठेवून ५-ए चे सूर वाजवले. फरक एका स्वराचा, धैवत शुद्ध झाला. म्हणजे काफी. उलट बाजूला, ३-ए चे सूर त्याच सा वरून वाजवले तर रिषभही कोमल होतो. भैरवी! पुढच्या घरात गेलं की ट्रॅक उजळल्यासारखा वाटतो आणि मागच्या घरात गेलं की गडद होतो, तो हा एका स्वराचा खेळ आहे. ए-बी बदल म्हणजे तर सरळ मूर्च्छना: सूर तेच, आसावरीच्या कोमल गंधाराला सा मानलं की बिलावल. ४-ए पांढरी चार, ४-बी काळी चार.

(राग वगैरे काही म्हणत नाहीये मी. थाटापुरतंच. नाहीतर माझे मामा मला दारात उभं करणार नाहीत.)

याच्यावरून सेटचा आराखडा आपोआप सुटला. सुरुवात ४-ए, मग एकेक घर पुढे. आणि शेवट एक घर मागे. मैफलीत भैरवी शेवटी असते ना, मग इथेही.

एक गोष्ट मात्र स्वतःला बजावून ठेवतेय. दोन ट्रॅकची पट्टी जुळायला हवी ती दोन्हींचे सूर एकाच वेळी वाजत असतील तेवढ्यापुरती. ड्रम अँड बेसच्या इंट्रो-आउट्रोमध्ये पुष्कळदा नुसते ड्रम असतात. तिथे कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला चालते, चक्र बघत बसायची गरजच नाही. पॅड (मागे लांबवलेले सूर), गायकी किंवा बेस एकमेकांवर येणार असतील तरच सगळा हिशेब. म्हणून यादीत एक तिसरा रकाना वाढवला: ‘सूर कधी सुरू, कधी बंद’. हा रकाना माझं सॉफ्टवेअर भरून देत नाही, आणि माझ्या मते तिन्हींत हाच सगळ्यात कामाचा.

१८ सप्टेंबर

सब ऐकायला मांडवीच्या अलीकडे साउंडवाल्याच्या गोदामात गेले. त्याने एक अठरा इंची काढून दिला आणि तो बिलं लिहीत बसला.

प्रश्न की-लॉकचा होता. ट्रॅकची लय वाढवली की सूरही वर चढतो. की-लॉक लावलं तर सूर जागेवर राहतो, पण त्यासाठी सॉफ्टवेअर आवाज ताणतं, आणि त्याची किंमत स्नेअर आणि सब मोजतात. स्नेअरचा टणत्कार दुहेरी होतो, काठ मऊ पडतो. गोदामात हे फारच स्पष्ट ऐकू आलं.

तर लॉक न लावता किती चालेल? १७२ चा ट्रॅक १७४ वर आणला तर सूर सुमारे २० सेंट चढतो (शंभर सेंट म्हणजे पेटीवरची शेजारची पट्टी). प्रमाण श्रुती, म्हणजे ८१/८०, साधारण २२ सेंटची. म्हणजे एका लहान श्रुतीइतकं. १७० वरून आणला तर ४० सेंट, जवळजवळ दोन श्रुती, आणि ते पॅडवर पॅड आल्यावर कुणालाही खुपेल.

पण सबमध्ये एक श्रुतीही लपत नाही. पांढरी चारचा खालचा सूर ४३.६५ हर्ट्झ. तोच २० सेंट वर म्हणजे ४४.१६. दोन्ही एकदम वाजवले. सेकंदाला अर्धा डोल. दर दोन सेकंदांनी स्पीकरचा कोन फुगल्यासारखा पुढे येत होता आणि मग आवाज जवळपास नाहीसाच होत होता. जाळीवर तळवा ठेवला तर हाताला ते नीट मोजता येत होतं. साउंडवाला बिलांतून मान वर करून म्हणाला, ‘‘बेन, सब बगडेलो नथी हों.’’ (सब बिघडलेला नाही हं.)

निर्णय: १७२ ते १७६ मधल्या ट्रॅकना लॉक नाही. दोन सब कधीही एकत्र नाहीत, पट्टी अगदी तंतोतंत असली तरी. एकाचा लो (खालच्या आवाजाचा नॉब) पूर्ण खाली, मगच दुसऱ्याचा वर.

आणखी एक कळलं. हा सब ४० हर्ट्झच्या खाली दम टाकतो. पांढरी चार ते पांढरी पाच, म्हणजे ४४ ते ४९ हर्ट्झ, एकदम छान. पांढरी दोनचा खालचा सूर ३६.७, तो नुसता हवा हलवतो. या गाण्यांत पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच एवढ्या का भेटतात याचं उत्तर बऱ्याच अंशी या डब्यात आहे. शेवटचा ट्रॅक मला पांढरी दोनचाच हवा आहे, तेव्हा बेस एक सप्तक वर वाजणारा शोधायचा.

२१ सप्टेंबर, रविवार

जंगलचे ट्रॅक. हे नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातले, १६० ते १६८ च्या आसपासचे. माझा आवडता १६५ चा, पट्टी पांढरी तीन, चक्रावर ९-ए. ४-ए पासून लांब. पण १६५ चा १७४ केला तर साडेपाच टक्के वाढ, म्हणजे ९२ सेंट. एक पट्टी म्हणजे १०० सेंट. लॉक काढून टाकलं की पांढरी तीन जवळजवळ पांढरी चार होते! आठ सेंटची कसर राहते, पण त्या वेळी दुसरीकडे नुसते ड्रम आहेत, तेव्हा ती कुणाला सापडायची नाही. चक्रावर बघणारा म्हणेल नऊवरून चारवर उडी मारली, आणि कानाला काहीच हललेलं नसेल.

शिवाय हे ट्रॅक मुळात असेच बनलेत. ज्या ड्रमच्या तुकड्यावर अर्धं जंगल उभं आहे तो आमेन ब्रेक १९६९ च्या एका सोल रेकॉर्डमधला, जेमतेम सहा-सात सेकंदांचा, १३६ च्या आसपासच्या लयीतला. तो नुसता वेग वाढवून १७४ ला नेला तर चार पट्ट्यांहून जास्त चढतो. ती टिनासारखी कडक, वरच्या आवाजातली स्नेअर त्यातूनच येते. सॅम्पलरवाल्यांनी त्याला की-लॉक लावून मूळ सुरात ठेवला असता तर ऐकवला नसता.

२२ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर

नवरात्र. काम बंद, पाय चालू. बडोद्याचा मोठा गरबा मैदानात, मध्ये गायक-वादक आणि भोवती गोलात गोल, सगळं समोर गायलेलं. फोनवर टाळीबरोबर बोट आपटत लय मोजत राहिले. मला हवे होते ते संथपेक्षा जरा वरचे हींचमधले (गरब्याचा एक ताल) गरबे. बहुतेक ११२ ते १२० मध्ये सापडले.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला मामांकडे गेले. मामा सूरसागरकाठच्या संगीत कॉलेजात तबला शिकलेले, म्हणजे सयाजीरावांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा म्हणून सुरू केलेलं तेच. त्यामुळे त्यांना माझं संगीत म्हणजे कुकरच्या शिट्ट्या वाटतात, पण लयीचा प्रश्न विचारला की विसरतात.

‘‘मामा, एकशे सोळावरून एकशे चौऱ्याहत्तरला जायचंय. मध्ये थांबायचं नाही, आणि लय ओढतेय असंही वाटायला नको.’’

त्यांनी मनातल्या मनात काहीतरी केलं. ‘‘अगं, ही तर दीडपट. मग लय बदलतेच कुठे? बारीक मात्रा धर.’’

आणि ढोलकी घेतली. हींच सहाची, तीन-तीनची. टाळी ११६ ची, तर प्रत्येक टाळीत तीन बारीक मात्रा, मिनिटाला ३४८. तसंच वाजवत राहिले आणि मला म्हणाले, ‘‘आता तू तीन-तीन सोड, दोन-दोन म्हण.’’ त्यांचा हात तोच, वेग तोच, आणि माझ्या तोंडून १७४ निघायला लागलं. ३४८ च्या दोन-दोनच्या जोड्या केल्या की १७४ होतात. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

सम कुठे जुळते तेही बोटांवर मोजून घेतलं. हींचचं आवर्तन सहा बारीक मात्रांचं, ड्रम अँड बेसचा बार आठचा. दोन्ही चोवीसवर भेटतात: चार आवर्तनं, तीन बार. म्हणजे ढोलकीचा लूप चार आवर्तनांचाच हवा आणि त्यातून बाहेर पडायचं तेही चोवीसच्या समेवर, मध्येच नाही.

क्लिकवर चार आवर्तनं रेकॉर्ड केली. मामांनी दर वेळी तिसऱ्या आवर्तनात काहीतरी खोडी केली, शेवटी तीच ठेवली. सॉफ्टवेअरचं सिंक (आपोआप लय जुळवणं) इथे बंद ठेवावं लागतं, त्याला दीडपट समजत नाही. ते ढोलकीला फरफटत १७४ नाहीतर ८७ वर नेतं. हातानेच लावणार.

४ ऑक्टोबर, शनिवार

तालीम. १७४ ला सोळा बार म्हणजे २२ सेकंद, बत्तीस म्हणजे ४४. एवढाच वेळ असतो हातात. येणारा ट्रॅक जाणाऱ्याच्या शेवटच्या बत्तीस बारांवर सुरू करायचा, त्याचा लो बंद. सोळावर हाय थोडे वर. बत्तिसाच्या समेवर एका हाताने जुना लो खाली, दुसऱ्याने नवा वर. ही अदलाबदल अर्ध्या बारानेही मागे-पुढे झाली तर ड्रॉप पोकळ लागतो.

दोन ड्रॉप एकत्र पाडायचा प्रकार एकदाच ठेवला आहे, दोन्ही ६-ए, बेस एकाचाच. ६-ए वरून एकदम ८-ए वर, म्हणजे पांढरी पाचवरून पांढरी सहावर, एक अख्खा स्वर वरची उडीही एकदाच. ती फक्त ड्रमवर होते, म्हणून चालते. पॅड वाजत असताना करून पाहिली, एवढी बेसूर की खालून आईने काय पडलं म्हणून विचारलं.

ठरलेला क्रम: ढोलकी, ४-ए (त्यात तो जंगलवाला), ५-ए, मग ५-बी चा एक गोड तुकडा, परत ५-ए, ६-ए, उडी मारून ८-ए, आणि शेवट एक घर मागे ७-ए. बेस वर वाजणारा पांढरी दोनचा ट्रॅक सापडला.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

रात्री उशिरा लिहितेय, थोडक्यात.

दहानंतर लाउडस्पीकर बंदच, नियमच आहे, म्हणून सेट पावणेनऊला. गरबा अपेक्षेपेक्षा संथ निघाला: बोट आपटून मोजलं तर ११३. त्याची दीडपट १६९.५. लूप ११३ वर आणला, पहिला ट्रॅक १६९.५ वर. गाणं थांबलं, टाळ्या चालूच होत्या, त्यांच्याखाली ढोलकीचा लूप, त्याखाली फक्त हाय-हॅट. चोवीसच्या समेवर किक आणि स्नेअर. गोल फिरणाऱ्या बायकांपैकी निम्म्या तशाच फिरत राहिल्या, तीन-तीनवरच, आणि पोरं दोन-दोनवर उड्या मारायला लागली. दोन्ही एकदम चाललं होतं. हे मी ठरवलेलं नव्हतं.

मग दर ट्रॅकला थोडी थोडी लय चढवत १७४.

सुरुवातीला सगळंच १६९.५ वर आल्यामुळे सगळ्या पट्ट्या जवळजवळ अर्ध्या पट्टीने उतरल्या होत्या, ४५ सेंट. ट्रॅकांना आपसांत त्याचं काहीच नाही, सगळेच एका मापाने खाली. पण मामा पेटी घेऊन आले होते. त्यांना पांढरी चार सांगितलेली. त्यांनी पांढरी चार दाबली, मान हलवली, पांढरी तीन दाबली, पुन्हा मान हलवली, आणि पेटी मिटून दुधाकडे गेले.

६-ए चे ट्रॅक लागले की गच्चीवरची पाण्याची टाकी घुमायची. पांढरी पाचचा ४९ हर्ट्झ तिला बरोबर सापडला होता. लो थोडा कमी केला, सब टाकीपासून जरा तिरका करवला, मग घुमणं कमी झालं. ७-ए चा शेवट मला हवा तसा झाला. दहाला सात मिनिटं असताना फेडर खाली.

८ ऑक्टोबर

रेकॉर्डिंग ऐकलं. दोन ड्रॉपचा प्रकार कागदावर जेवढा भारी होता तेवढा गच्चीवर नाही, पुढच्या वेळी काढून टाकायचा. ५-बी चा तुकडा अजून लांब चालला असता, लोकांनी तिथेच मोबाइल बाहेर काढले. जंगलवाल्याची आठ सेंटची कसर हेडफोनवरही सापडत नाही.

करायचं राहिलेलं: ढोलकी ११०, ११३, ११६, ११९ अशा चार लयींत वेगवेगळी रेकॉर्ड करणं. एकच लूप ताणला की थापेचा घुमारा पातळ होतो. ज्या ट्रॅकवर कुणी समोर बसून वाजवणार असेल, तेवढ्या ट्रॅकला की-लॉक चालू, स्नेअर मऊ झाली तरी चालेल. टाकीसाठी ४९ वर अरुंद कट आधीच तयार ठेवणं.

मामांचा फोन आला होता. दिवाळी पहाटेला पाच-सहा मिनिटांचं काहीतरी हवंय, ‘‘तुझं ते कुकरवालं चालेल, पण पांढरी चार म्हणजे पांढरी चारच पाहिजे.’’ लय १७४, लॉक चालू, ड्रम दहा बारांनंतर. मामा म्हणाले दहा नको, आठ.